उन्हात वाचता येईल असा टॅब

सुरूची झाडं मागे पडली आणि रस्ता तलावाच्या बाजूला वळला, तिथे वन्सं मधेच थांबल्या. मोठा टॅब त्यांनी परातीसारखा आडवा धरला होता आणि त्यात वाकून बघत होत्या. वहिनीला वाटलं, काहीतरी वाचत असतील. जवळ गेली तर काचेवर अक्षर म्हणून दिसत नव्हतं. आत नुसतं आभाळ. ढग एका कडेने शिरत होते, दुसऱ्या कडेने निघून जात होते, आणि मधोमध कुठल्यातरी झाडाचा शेंडा झुलत होता.

"बघ गं," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, "विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं की नाही?"

वाटत होतं खरं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. सकाळपासून चालून वहिनीच्या पायांचे तुकडे पडले होते, तरी त्या चौकोनी आभाळावरून नजर काढवेना. तापलेल्या पानांचा वास, लांबून येणारा पाण्याचा आवाज, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेवटी वहिनीच भानावर आली. म्हणाली, "वन्सं, आभाळ वर फुकट दिसतंय. आकडा कुठे भरायचा ते दिसतंय का?"

वन्संनी ओढणीचा आडोसा केला, उन्हाकडे पाठ केली, टॅब तिरका धरून पाहिला. दिसलं ते त्यांचं स्वतःचं नाक.

"नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. नोकरी शहराच्या झाडांच्या खात्यात. रस्त्याकडेचं झाड मोजायचं, त्याचा घेर किती, खोड आतून पोकळ आहे का, एखादी फांदी कुणाच्या डोक्यावर यायची भीती आहे का, हे बघून लिहून ठेवायचं. कोवळ्या वयात रोपांना पाणी घालायला म्हणून रोजंदारीवर लागल्या, तिथून मोजणीवर आल्या, आणि मोजणीतच केस पिकले. लग्न केलं नाही. भाऊ थट्टेने सांगतो, एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, पण हिने मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, खोड बारीक आहे. वन्सं त्यावर रागावत नाहीत. तशा त्या घरात कमीच बोलतात. ताटावर बसल्या तरी मनाने कुठल्यातरी रस्त्यावर असतात, दोनदा विचारावं तेव्हा "हं?" करून परत येतात. संध्याकाळी केसांत सालीचा चुरा घेऊन घरी येतात. नवीन लग्न होऊन आलेल्या वहिनीला वाटायचं, या बाईला मी काही आवडलेली दिसत नाही. मग एक दिवस वन्संनी तिला मागच्या गल्लीतलं तुतीचं झाड दाखवायला नेलं आणि ते कसं एकदा मोडून पुन्हा उभं राहिलं ते सांगत बसल्या. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं, माया करायची यांची हीच रीत आहे.

आता खात्यात कागद बंद होणार होते. मोजणी करणाऱ्या प्रत्येकाला टॅब मिळणार होता. दोन प्रकारचे आले होते. दोन्ही एक दिवस बाहेर नेऊन वापरून बघा, जो हवा तो निवडा, मग तोच तुमच्याकडे राहील. आणि ज्याला जमणार नाही त्याने कचेरीत टेबलाशी बसावं, असं साहेबांनी सांगितलं होतं. चांगल्या मनानेच सांगितलं होतं. वन्संच्या वयाच्या दोघांनी टेबल मागूनही घेतलं.

"पंख्याखाली बसायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या," भाऊ जेवताना म्हणाला, "तूही घे की, ताई."

 वन्संनी ताट अर्धं टाकून हात धुतले ते वहिनीने पाहिलं. टेबल म्हणजे खिडकीतून दिसेल तेवढंच झाड. टेप धरायला येशील का, असं त्यांनी विचारलं तेव्हा वहिनीने शिलाईमशीन झाकलं, कपडे न्यायला आलेल्या बायकांना उद्या यायला सांगितलं आणि निघाली. निघताना देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. बाईला सावलीत आराम मिळावा हे मागावं, की उन्हात चालणं मिळावं हे? "तुला कळतं तसं कर," एवढंच ती म्हणाली.

तर मोठा टॅब उन्हात आरसा झाला. तो पिशवीत गेला आणि दुसरा बाहेर निघाला. हा लहान, जाडजूड, कडेने रबर लावलेला. वहिनीने त्याचं नाव पाटा ठेवलं. पण उन्हात त्याची अक्षरं काळीभोर उठून दिसत होती. वजनाला मात्र नाकापेक्षा मोती जड; गळ्यात अडकवला की वन्संची मान पुढे ओढली जाई. वहिनीच्या पिशवीत सुईदोरा असतोच. तिने दगडावर बसून पट्टा उसवला, मोजून लांब केला आणि खांद्यावरून आडवा येईल असा टाके घालून दिला. पाटा वन्संच्या कमरेला टेकला. लेकरू कडेवर घ्यावं तसा.

अक्षरं दिसत होती, पण बारीक. मोठी करता येत होती, तर मग अर्धा प्रश्न काचेबाहेर जाई. म्हणून वहिनीच वाचू लागली. ती विचारायची, खोड पोकळ आहे का? वन्सं लाकडी हातोडीने खोडावर ठोकायच्या, कान लावायच्या, डोळे मिटायच्या. कधी आवाज भरलेल्या घागरीसारखा यायचा, कधी बंद दारावर ठोठावल्यासारखा. फांद्या सुकल्यात का? पक्ष्यांची घरटी आहेत का? वन्सं वर बघून सांगायच्या. असं विचारत, सांगत त्या झाडामागून झाड करत पुढे गेल्या, आणि वहिनीला वाटू लागलं, हा रस्ता संपूच नये.

मग लाल खूण आली. एका जुन्या रानअंजिरापाशी, ज्याचा बुंधा जमिनीकडे घागऱ्यासारखा पसरला होता. घेराचा आकडा भरला आणि पाट्यावर अक्षरं उमटली: मागच्या मोजणीशी फार फरक आहे, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. पुन्हा लाल. पुढच्या सरळसोट निलगिरीला काही झालं नाही. त्यापुढे पुन्हा एक पसरट बुंधा, पुन्हा लाल. वन्संचा चेहरा उतरत चालला. लाल खुणा ज्याच्या जास्त, त्याची मोजणी भरवशाची नाही, असं खात्यात सांगितलेलंच होतं.

"मला झाडंच कळेनाशी झाली की काय गं," त्या म्हणाल्या.

 वहिनी त्यांच्या टेप लावण्याकडे बघत होती. नियमात घेर 'छातीच्या उंचीवर' मोजायचा असतो. ती उंची जमिनीपासून ठरलेली आहे, आणि नियम लिहिणारा चांगलाच ताडमाड असावा, कारण वन्संच्या अंगावर ती खांद्याच्या शिवणीशी यायची. तरुणपणी एकदा मोजून बघितलं आणि तेव्हापासून दरवेळी जमिनीपासून मोजायचं सोडलं. खांदा खोडाला टेकवायचा, तिथून टेप फिरवायचा. खात्यातली सगळी मंडळी असंच करतात, कुणाची खूण खांद्याशी, कुणाची खिशाशी.

वहिनी कपडे शिवणारी. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं ते तिला केव्हाच दिसलं होतं. वन्संचे सदरे तिच्याच हातचे. मागची पाठ वाढवून आणि पुढचा भाग आखूड करून ती ते बेतत होती, मापाचा विषय न काढता. आता सांगावं तर बाई मनाने खचेल. न सांगावं तर लाल खुणा टेबलापर्यंत नेतील. तिने मनात देवाचं नाव घेतलं.

"वन्सं, रागावू नका," ती म्हणाली. "तुमचा खांदा खाली आलाय. पाठीला जरा बाक आलाय. हल्ली मी सदरा पुढून आखूड बेतते."

वन्संनी टेप सोडला नाही. झाडाला मिठी मारलेली तशीच राहिली.

"बोलली नाहीस कधी?"

"बोलण्यासारखं काय त्यात? सदरा अंगात नीट बसत होता."

त्यांनी खोडाला गाल लावला. एक सुकलेलं पान गिरक्या घेत खाली आलं आणि पाट्यावर बसलं. वहिनीला भीती वाटली, आता ही म्हणणार, चल घरी. पण वन्संच्या खांद्यांना हादरे बसू लागले, आणि त्या रडताहेत असं वाटून वहिनी पुढे झाली, तर बाई हसत होत्या.

"आणि मी साहेबांना सांगत होते," त्या म्हणाल्या, "यंदा झाडांनी बाळसं धरलंय!"

मग दोघींनी टेप जमिनीला लावून नीट मोजलं. ठरलेली उंची आता वन्संच्या गळ्याशी येत होती; खांद्यापासून फिरवलेला टेप खाली, जाड बुंध्यावर जात होता. तिथून घेर घेतला. आकडा भरला. पाटा गप्प राहिला. मागच्या पसरट बुंध्यांकडे परत जावं लागलं, आणि वहिनीच्या टाचा बोलू लागल्या, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही.

तलावाच्या काठी त्या टेकल्या तेव्हा उन्हं कलली होती. पाणी इतकं स्थिर होतं की दुसऱ्या काठची झाडं उलटी उभी असलेली खरी वाटावीत. पाटा आपण ठेवून घेणार, मोठा परत करणार, हे वन्संनी सांगून टाकलं. बारीक अक्षरांचं काय, हे वहिनीने विचारलंच, कारण उद्यापासून तिला मशीनवर बसायचं होतं. त्यावर वन्संनी एक बटण दाबून दाखवलं. पाट्यातून बाईचा आवाज आला, घशात खडा अडकल्यासारखा: खोड. पोकळ. आहे. का. चोर पकडून आणल्यावर विचारावं तसं. दोघी पोट धरून हसल्या.

 हसणं ओसरल्यावर वन्सं, लाजल्यासारख्या, म्हणाल्या की कचेरीतली संगणक बघणारी मुलगी सांगत होती, यात कुणाचाही आवाज भरता येतो.

"म्हणजे?"

"म्हणजे तू हे प्रश्न एकदा तुझ्या आवाजात वाचून दे ना, वहिनी. घाईने नको, मघाशी वाचत होतीस तसंच. मी एकटी असले रस्त्याला, तरी तू विचारत जा. मी सांगत जाईन."