माझ्या लेकीचं स्टिकर

गेल्या रविवारी वैजापूरला साखरपुडा होता, माझ्या मावसभावाच्या मुलीचा. जेवणं उरकून सगळे निवांत बसले होते... आणि तिथं जे झालं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. आम्ही संभाजीनगरला बीड बायपासजवळ राहतो. दीड वर्षापूर्वी सोसायटीतल्या अकरा घरांनी मिळून ठरवलं, दहावी होईपर्यंत पोरांना स्मार्टफोन द्यायचा नाही. एकट्यानं नाही म्हटलं की "सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडेच नाही" सुरू होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या साळवे मॅडमनी कागद तयार केला, आम्ही सह्या ठोकल्या. पोरांच्या निरोपांसाठी बटणांचा एक साधा फोन घेतला. तो मॅडमच्या घरी दाराजवळच्या स्टुलावर असतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी. खोटं कशाला बोलू, फार मिरवलं मी ते. वाळूजला कंपनीत डबा खाताना रोज कुणाला तरी ऐकवायचो.

त्याच महिन्यात लेकीचा अकरावा वाढदिवस आला. फोन मिळेल अशी तिला अजून आशा होती... आणि मला गंमत सुचली. मोबाइलच्या रिकाम्या खोक्यात मी कंपासपेटी घालून दिली.

तिनं खोकं उघडलं आणि भोकाड पसरलं. मी हसत हसत व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला. लोक लोटपोट झाले. मग मला आणखी चेव आला... त्या रडक्या चेहऱ्याचं मीच स्टिकर केलं, खाली लिहिलं, 'फोन द्या ना!'

त्यानंतर कुणाचंही पोर रुसलं की ग्रुपवर ते स्टिकर पडायचं. मलाही बरं वाटायचं. पुढं मी ते विसरूनही गेलो.

तर वैजापूर. नवरदेवाकडच्या एक मावशी, ज्यांना आम्ही आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, लेकीची हनुवटी धरून म्हणाल्या, "अगं बाई, तू तीच ना गं, फोनसाठी रडणारी? लई हसलो बाई आम्ही तुला!" आणि पर्समधून फोन काढून तिला दाखवला.

लेकीनं ते स्टिकर पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही... फोन हातात घेऊन नीट बघितला, मावशींना परत दिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

संध्याकाळी आम्ही गाडीनं परत निघालो. लासूर मागं पडलं तेव्हा मागच्या सीटवरून तिचा आवाज आला. "बाबा, म्हणून व्हॅनमधल्या मुली मला बघून डोळे चोळतात."

हे तिनं आम्हाला आधी दोनदा सांगितलं होतं. मुली डोळे चोळतात आणि हसतात, का ते कळत नाही म्हणून. मी आणि तिच्या आईनं, दोघांनीही तिला सांगितलं होतं, लक्ष देऊ नको.

म्हणजे व्हॅनला माहीत होतं. शाळेला माहीत होतं. वैजापूरच्या अनोळखी बाईला माहीत होतं. फक्त तिलाच माहीत नव्हतं... कारण तिच्याकडे फोन नव्हता. कारण तो मी दिला नव्हता.

थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, "त्या वाढदिवसानंतर मी एकदा तरी फोन मागितला का?" नव्हता मागितला. ते मी ग्रुपवर आपलं यश म्हणून सांगितलं होतं.

घरी पोचताच मी ग्रुपवर सगळं लिहिलं. बहुतेकांनी लगेच डिलीट केलं. एकानं लिहिलं, "अहो, एवढं काय, गंमत होती." त्याच्यावर काय चिडणार... सकाळपर्यंत मीही हेच म्हणालो असतो.

मावसभावाकडून मावशींचा नंबर घेतला. त्या बिचाऱ्या हबकल्याच. "मला काय माहीत हो भाऊ, मला तर नणंदेनं पाठवलं." नणंदेला कुणी पाठवलं, ते त्यांनाही आठवेना. ते अजून किती फोनांत आहे, मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

सोमवारी संध्याकाळी साळवे मॅडमच्या घरी सगळे जमलो. या वेळी पोरांनाही बोलावलं... दीड वर्षात पहिल्यांदा. मॅडमनी तो जुना कागद काढला. त्यावर एकाही पोराची सही नाही, हे तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं.

लेकीनं पेन मागितलं. मला वाटलं, फोनची अट खोडते आता. ती तिनं तशीच ठेवली. खाली लिहिलं, "मुलांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो, व्हिडिओ, स्टिकर कुणालाही पाठवायचा नाही." आणि पेन आधी माझ्या हातात दिलं.

मी सही केली. तिथंच, सगळ्यांसमोर, तिची माफी मागितली. ती "हं" म्हणाली आणि मैत्रिणींबरोबर खाली खेळायला गेली.

हे सगळं फेसबुकवर लिहू का, असं तिला विचारलं तर दोन दिवस ठाम नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आधी लिहून दाखवा. तिनं हे पूर्ण वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली, नाव लिहायचं नाही म्हणून बजावलं.

त्यामुळं नाव नाही, फोटोही नाही. कुणाकडे ते स्टिकर असेल तर एवढी कृपा करा, काढून टाका. आणि मी विचारलं म्हणून ती हो म्हणाली, त्याबद्दल तिचे आभार मानतो... तिला अजून मला हो म्हणावंसं वाटतं, हेच माझ्यासाठी खूप आहे.