कापून टाकलेला हुंकार

फोन हर्षालीच्या मामांचा होता. मी धुळ्याला आमच्या स्वयंपाकघरात कळण्याची भाकरी थापत होते. हात पिठाचे, म्हणून आईने फोन स्पीकरवर टाकला. "पारोळ्याच्या अलीकडे, हायवेवर... स्कूटीवर होती... जागच्या जागी," एवढंच ते बोलले. तव्यावरची भाकरी जळून गेली, कोणी उलटली नाही. ती माझ्याकडेच जेवायला येत होती. महिना उलटून गेला, पण माझा राग काही जात नाही. कोणावर, तेही कळत नाही.

हर्षाली असोद्याची. घरी केळीच्या बागा, आणि पोरगी शिकायला गेली दृश्य मानवशास्त्र! विद्यापीठात आम्ही एकाच वर्गात, वसतिगृहावर एकाच खोलीत. माणसं कशी जगतात ते कॅमेऱ्याने टिपायचं, हा आमचा अभ्यास. गावात कोणी विचारलं की ही बया बिनदिक्कत सांगायची, "लग्नाची शूटिंग शिकू राह्यली." वर मला डोळा मारून म्हणायची, "समजावत बसले तर चहा गार होईल."

शेवटच्या वर्षाची फिल्म तिने घरच्या कानबाईवर केली. श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो, बायका गाणी म्हणतात. पण फिल्मचा खरा जीव म्हणजे काकू, तिची आई. ओट्यावर बसून कानबाईच्या गोष्टी सांगायच्या. आणि गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, ही आपली रीत. "हं" आला नाही तर सांगणारी पुढे सरकतच नाही. म्हणून कॅमेऱ्यामागे बसलेली हर्षाली दर वाक्याला "हं" म्हणत राहिली. वर्गात सर वैतागले. "तुझ्या आवाजाने सगळं नासलंय. काढून टाक हे." हर्षाली हमरीतुमरीवर आली. "सर, मी हं म्हटलं नसतं तर आई बोललीच नसती!" सर बधले नाहीत. मग तिने बसून एकेक हं कापला आणि त्या जागी ओट्यावरची नुसती शांतता चिकटवली. "बघ गं, स्वतःलाच खोडतेय," म्हणाली आणि हसली... मला नाही हसू आलं. मूळ चित्रीकरणही तिने पुसून टाकलं. पुढच्या कामाला डिस्कमध्ये जागा हवी, म्हणून आम्ही सगळेच तसं करायचो.

फिल्म घरी दाखवली तेव्हा काकू म्हणाल्या, "मी कोनाशी बोलू राह्यली व माय? भिताडाशी?" हर्षाली हसून हसून लोळली.

तेराव्याला काकूंनी माझा हात धरला. "फोटो तं आहे बाई. मले तिचा आवाज पाह्यजे. तुमच्या त्या शूटिंगात पाह्य बरं." तिच्या फोनचा तर अपघातात चुरा झाला होता. घरच्या प्रत्येक व्हिडिओत सगळे आहेत, ती नाही, कारण कॅमेरा तिच्याच हातात, आणि सरांनी झापल्यापासून कॅमेऱ्यामागे ती तोंडच उघडायची नाही. मी माझ्या सगळ्या डिस्क धुंडाळल्या. मला निरोपसुद्धा टाइप करून पाठवायची, मेली. एक शब्द सापडला नाही.

परवा रिकाम्या हाताने असोद्याला गेले. रिकाम्या म्हणजे, ती फिल्म तेवढी घेऊन. ओट्यावर लॅपटॉप ठेवला. काकू नेमक्या हर्षाली बसायची त्या खांबाशी बसल्या. पडद्यावरच्या काकूंनी एक वाक्य सांगितलं, थांबल्या, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघितलं. काही ऐकू आलं नाही. मग मान डोलावून त्या पुढे सांगू लागल्या. "काकू, आवाज काही..." मी सुरुवात केली, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं.

पडद्यावरच्या काकू पुन्हा थांबल्या.

"हं," खांबाशी बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या.

पुढचं वाक्य आलं. पुन्हा थांबणं. "हं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. गोष्ट संपेपर्यंत लेकीची एकही जागा त्यांनी रिकामी जाऊ दिली नाही.