लांब शिट्टी

बाबांना लकवा झाला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं अर्धं गेलं, पण ऐट काही गेली नाही. ते रायपूरच्या एका खासगी शाळेत पी.टी.चे मास्तर होते. पोरांना उन्हात उभं करून ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ ओरडण्यात त्यांचा जन्म गेला होता. पाठीशी उशा लावून बसवलं, की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. शाळा खासगी, त्यामुळे पेन्शनच्या नावाने शून्य. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. शिट्टी त्यांची स्वतःची होती, ती चालू राहिली.

त्या शिट्टीवर आमचं घर चालायचं. सुरुवातीला बाबांचं बोलणं कुणालाच कळेना, आणि कळत नाही म्हणून ते चिडत. मग एके दिवशी आत्याने ती शिट्टी पेटीतून शोधून काढली, धुतली आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ते ती झकास वाजवायचे. एक छोटी म्हणजे पाणी. दोन छोट्या म्हणजे कूस बदलायची आहे. आणि एक लांब म्हणजे पॉट, तेही ताबडतोब. पुरानी बस्तीतली घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे ही भाषा अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, यायला लागली. लांब शिट्टी झाली की समोरच्या घरातल्या काकू ‘दीदी, जल्दी’ म्हणून आत्याला हाक मारत. पुढे बोलणं बरंच सुधारलं, तरी बाबांनी शिट्टी सोडली नाही. शिट्टी वाजवणारा माणूस हुकूम देतो, हाक मारणारा विनवणी करतो, असं त्यांचं मत असावं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि आत्या अमरावतीहून ‘पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे’ म्हणून चार कपडे घेऊन आली. त्यानंतर माझ्या परीक्षा काही संपल्या नाहीत. तिचे केस पांढरे झाले तरी बाबा तिला ‘पोट्टे’ म्हणायचे आणि ती त्यांना ‘मास्तर’ म्हणून चिडवायची. दाढी करताना, तेल चोळताना, वरण भरवताना दोघांची जुंपलेली असायची. लहानपणी कोणी कुणाची बोरं खाल्ली इथपासून भांडणाला सुरुवात व्हायची. ते भांडण ऐकत चहा पिणं हे माझं सकाळचं सुख होतं, आणि आजही कुठे कुणी भावंडं मजेत भांडताना दिसली की माझा पाय तिथून निघत नाही.

तेव्हा रायपूरला राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. शंकर नगरातल्या भाड्याच्या बंगल्यांवर रातोरात सरकारी पाट्या लागल्या होत्या. मी अशाच एका कार्यालयात टायपिंगला होते. मी बसायचे ती खोली आधी कुणाचं तरी स्वयंपाकघर होती. ओट्यावर फायली, सिंकमध्ये जुनी रजिस्टरं, आणि पावसाळ्यात अजूनही फोडणीचा वास. तिथेच मला त्या योजनेचं कळलं. नाव इतकं लांबलचक, की खुद्द साहेबही अर्ध्यात सोडून देत. पण अर्थ सोपा होता. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं जो कुणी बिनपगारी करतो, त्याला सरकार दर महिन्याला काही भत्ता देणार होतं. भत्ता आजाऱ्याला नव्हे, करणाऱ्याला, आणि तोही त्याच्या स्वतःच्या खात्यात.

घरी जेवताना मी हे सांगितलं. आत्याचा हात परातीतच थांबला. ‘म्हणजे मले?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, तुलाच.

ती भाकरी थापायला लागली, पण थापता थापता हसत होती. मग तव्याकडे बघत म्हणाली, ‘मंग मले कोणाले मागा लागणार नाही.’

आत्याला ब्लाउजपीस घ्यायचं असो की अमरावतीला कुणाच्या लग्नात आहेर द्यायचा असो, ती आधी बाबांकडे आणि नंतर माझ्याकडे मागायची. आमचं मन बरं आहे ना, हे बघून मागायची. आम्ही कधी नाही म्हटलं नाही, पण मागणं ते मागणंच. बाबा त्यावर भाजीत मीठ जास्त झालंय एवढंच म्हणाले, आणि ते झालेलं नव्हतं.

अर्ज दिला. विभागाची एक मुलगी घरी येऊन पाहणी करणार होती. बिचारीने आदल्या दिवशी फोन करून कळवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. आत्याने पहाटेपासून कंबर कसली. पॉट, रबराची चादर, औषधांच्या बाटल्या, मालिशचं तेल, सगळं समोरच्या काकूंच्या घरी गेलं. परक्या बाईला कशाला दाखवायचा तो पसारा? पलंगावर दिवाळीची चादर आली, उदबत्ती लागली, पोह्यांवर खोबरं पडलं. मी कामावर जायच्या गडबडीत होते, तरी थांबून म्हटलं, की अगं, ती तोच पसारा बघायला येतेय. आत्या म्हणाली, लोक काय म्हणतील. मी कामावर निघून गेले; पुढचं सगळं मला नंतर समोरच्या काकूंकडून कळलं.

आणि बाबा! त्यांनी माझ्याकडून पी.टी.चा पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला होता. चार उशांच्या आधाराने ते असे ताठ बसले, की झेंडावंदन आता सुरू होतंय. शिट्टी उशीखाली लपवली. मुलगी आली, तोंडावरचा स्कार्फ सोडला, पोहे खाल्ले, आणि हिंदीत विचारायला लागली. आंघोळ कोण घालतं? बाबा म्हणाले, खुद. जेवता कसे? खुद. उठता-बसता? त्यावर तर बाबांनी डावा हात उचलून सलामच ठोकला. मग तिने आत्याला विचारलं, तुम्ही यांच्यासाठी काय काय करता. आत्याने पदर सावरला आणि लाजत सांगितलं, की मी काय करते, मी तर घरातच असते.

दोन दिवसांनी मी त्या मुलीला तिच्या कार्यालयात गाठलं. ती म्हणाली, ‘मास्टरजी तो एकदम फिट हैं, दीदी. और बुआजी खुद बोल रही हैं कि कुछ नहीं करतीं. मैं क्या लिखूँ?’ तिचं चुकलं असं कोणत्या तोंडाने म्हणणार होते मी?

घरी येऊन मी दोघांवर सारखीच भडकले. माझा राग म्हणजे दुधाचा ऊत, पण त्या दिवशी तो चांगलाच सांडला. आत्याने सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि कणीक मळायला बसली. मात्र दुसऱ्या दिवसापासून तिने बाबांशी भांडणं बंद केलं. तेल वेळेवर, दाढी वेळेवर, वरण गरम. तक्रारीला जागा नाही. फक्त तोंडातून शब्द नाही. बाबांनी बोरांचा विषय काढून पाहिला. तिने लक्ष दिलं नाही. ते उगाच छोटी शिट्टी वाजवत. ती पाणी पाजून निघून जाई. मग पुन्हा छोटी. बिचारे एका दुपारी इतकं पाणी प्याले, की नंतर खरोखरच लांब वाजवावी लागली.

शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘थे काहून बोलून नाही राहिली?’

मी म्हटलं, तुम्ही सगळं खुद करता ना, मग खुद बोला. मग त्यांच्या त्या तुटक बोलण्यात, मध्ये मध्ये थांबत, त्यांनी मनातलं काढलं. पोट्टी आपलं करते ते बहीण म्हणून करते. उद्या सरकारने तिला पैसे दिले, तर पाऱ्यात लोक म्हणतील मास्तरने पगारी बाई ठेवली. लोकांचं एक वेळ सोड. पण तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं तर? मग भाऊ कुठे राहिला आणि बहीण कुठे राहिली?

हा माणूस हट्टी आहे हे मला माहीत होतं. तो घाबरला आहे हे त्या दिवशी कळलं, आणि माझा राग गेला. मी त्यांना आत्याचं तव्यासमोरचं ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. तेव्हा ते समोरच असले, तरी त्यांनी ऐकलं नव्हतं. मिठात लक्ष होतं. ‘बोलाव त्या सरकारी पोट्टीले,’ एवढंच म्हणाले.

मी पुन्हा त्या मुलीकडे गेले आणि सगळं नाटक कबूल केलं. ती खो खो हसली. ‘हमर घर मा घलो अइसनेच होथे,’ म्हणाली. आमच्याकडेही असंच होतं. कागद अजून वर गेले नव्हते. एकदा येईन, पण या वेळी कळवणार नाही, असं तिने बजावलं.

ती एका सुटीच्या सकाळी आली. आत्या गच्चीवर बिजौरी घालत होती. उडदाचं पीठ, कोहळ्याचा कीस आणि तीळ कालवून सांडग्यांसारखी उन्हात घालतात ती बिजौरी. आत्या ती समोरच्या काकूंकडून शिकली होती, आणि आता काकूंपेक्षा चांगली करते असं स्वतःच सांगायची. खाली बाबा गंजीफ्रॉकवर, दाढी वाढलेली, पलंगाखाली पॉट, कोपऱ्यात रबराची चादर वाळत घातलेली. मुलीला खुर्ची दिली. तिने वही उघडली आणि तेच विचारलं, की तुमचं कोण करतं.

बाबांनी डावा हात उशीखाली घातला, शिट्टी काढली, ओठाच्या कोपऱ्यात धरली, आणि एका अनोळखी तरुण मुलीसमोर लांब शिट्टी वाजवली. शाळा सुटल्यावर मैदानाच्या पार टोकाची पोरं परत यावीत अशी.

आधी समोरून ‘दीदी, जल्दी’ आलं. मग जिन्यावर धाडधाड पावलं. आत्या कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात घेऊन आत आली, आणि आजूबाजूला न बघता सरळ पलंगाकडे गेली. एक गुडघा गादीवर, खांदा बाबांच्या काखेत, पिठाचे हात हवेत वर धरलेले. नुसत्या खांद्याने तिने एवढ्या मोठ्या माणसाला उचलून बसतं केलं, आणि पायाने पॉट पुढे ओढला. पंधरवड्याचं मौनही त्या धांदलीत सुटलं. ‘आत्ताच तर गेला होता ना, मास्तर? मी काय वर झोपून राहिली होती? पोट आहे का टाकी?’

मग तिला खुर्ची दिसली, आणि खुर्चीवर बसलेली मुलगी. आत्या जी गोरीमोरी झाली! पदर सारखा करायला गेली, तर पदरालाही पीठ लागलं. बाबा मात्र तिच्या खांद्यावरून हात काढायला तयार नव्हते. कानापर्यंत लाल झाले होते, तरी मान ताठ होती. एकेक शब्द सावकाश उच्चारत ते म्हणाले, ‘लिखिए. मेरा सब यही करती है. ये नहीं, तो मैं नहीं.’

मुलीची वही मांडीवरच राहिली. ‘हव,’ ती म्हणाली, ‘दिख गया, मास्टरजी.’ आत्या पदराने डोळे पुसायला गेली आणि कपाळभर पीठ लावून घेतलं, तेव्हा आधी मी हसले, मग ती मुलगी, आणि मग बाबा त्यांच्या वाकड्या ओठाने असे हसले, की त्यांना पुन्हा टेकवून बसवावं लागलं. पॉटची गरज नव्हतीच. निदान तेव्हा नव्हती.

दिवाळीच्या जरा आधी आत्याच्या खात्यात पहिला भत्ता आला. तिने मला बँकेत बरोबर येऊ दिलं, पण खिडकीपाशी उभं राहू दिलं नाही. सदर बाजारातून ती समोरच्या काकूंना साडी, मला चपला आणि स्वतःला चांगली जड किसणी घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा स्वतःच केली, आणि मोठ्या आवाजात.

मग भाऊबीज आली. बाबांना आंघोळ घालून, त्या पांढऱ्या शर्टात खुर्चीत बसवलं होतं. आत्याने कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं आणि तबक तसंच पुढे धरून उभी राहिली. बाबा जागचे हलले नाहीत.

‘आता तुले काय कमी?’ ते म्हणाले. ‘आता सरकार देते.’ बोलले चिडवल्यासारखं, पण नजर तबकातल्या निरांजनावर होती. मला कळलं, की हे ते खरंच विचारत आहेत.

आत्यालाही कळलं असावं. तिने तबक तसूभरही मागे घेतलं नाही.

‘सरकार कामाचे देते, दादा,’ ती म्हणाली. ‘बहिणीचे तुलेच द्या लागतीन. टाक.’

सकाळी त्यांच्याच सांगण्यावरून मी त्यांच्या डाव्या खिशात नोट घडी करून ठेवली होती. ती त्यांना एका हाताने काढता येईना. मी पुढे होणार तोच आत्याने डोळ्यांनी मला थांबवलं आणि निरांजन वाऱ्यापासून आडोशाला धरून ती वाट बघत राहिली. बराच वेळ लागला. नोट तबकात पडली तेव्हा ती म्हणाली, ‘एवढीच? मास्तर, त्या बोरांचे अजून बाकी आहेत.’