शेवटच्या रांगेतला हात

कुंदाताई वालावलकर यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात लिहावे की नाही, असा प्रश्न मला पडला होता. शेवटी ताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिही गो. नुसतं गोड लिहिलंस तर वाचणार कोण?" तेव्हा लिहिते.

परळला आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत ताई दर रविवारी मुलांकडून नाटक बसवून घेत. माझी जुई तेव्हा दुसरीत होती. घरात तोंडाला कुलूप नाही आणि उंबरठा ओलांडला की मिठाची गुळणी. शाळेत तोंडी परीक्षेत ती बाईंकडे नुसती बघत राही. "हिला दुसऱ्या शाळेत घाला," असे बाईंनी सुचवले, त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून तिला ताईंकडे नेले आणि शहाणपणा करून म्हटले, "हिला झाडाबिडाचं काम द्या. बोलावं लागणार नाही असं."

"माझ्याकडे झाडंसुद्धा बोलतात," ताई म्हणाल्या. "गप्प झाड हवं असेल तर कुंडी घेऊन या."

मी तणतणत पोरीला घरी घेऊन आले. पुढच्या रविवारी जुईच चपला घालून दारात उभी राहिली.

ताईंची शिकवण्याची रीत त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तालमीला त्या कधी पुढे बसल्या नाहीत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ त्यांची खुर्ची. आवाज पोचला नाही की त्या हात वर करत, आणि पोचेपर्यंत तो खाली येत नसे. "ओरडू नका, माझ्यापर्यंत या," एवढेच त्यांचे सांगणे. जुईला त्यांनी एकही वाक्य दिले नाही. शेजारी बसवून घेतले आणि म्हणाल्या, "आजपासून हात तू वर करायचा. नीट ऐक."

तीन-चार रविवार पोरीने ते काम फार कडकपणे केले. शेवटी तालमीतला ओंकार चिडला. त्याची आई बाजारात मासे विकते, आणि आईचा खणखणीत आवाज आपल्यालाही आहे अशी त्याची खात्री. "ए, ही स्वतः काय बोलत नाय आणि आम्हाला हात दाखवते!"

"मग नीट बोल ना!" जुई म्हणाली.

घराबाहेरचे तिचे हे पहिले वाक्य. ताईंनी कौतुक केले नाही, तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. "चला, पुढचा प्रवेश," म्हणाल्या. तेव्हा मला राग आला होता. टाळ्या वाजल्या असत्या तर पोर पुन्हा मिटली असती, हे मला फार उशिरा कळले.

दादरच्या छोट्या सभागृहात प्रयोग झाला. रविवारी सकाळी ओंकारच्या आईचा धंदा ऐन भरात असतो, म्हणून ताईंनी प्रयोग खास दुपारी ठेवला होता. जुईला एकच वाक्य होते. तिने ते म्हटले आणि मागे ताईंचा हात वर गेला. तो ओढून खाली आणावा असे मला वाटले. जुई थांबली. दूर दाराकडे पाहून तिने वाक्य पुन्हा म्हटले. हात खाली आला आणि मी पदरात तोंड लपवून रडले.

"नाटकाने मार्क वाढतात का?" असे पालक आजही विचारतात. ताईंचे उत्तर ठरलेले असते: "मार्कांचं माहीत नाही. पण दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला येतं. तुमच्या घरात किती जणांना येतं?"

गेल्या वर्षी मात्र ताईंचा हात सारखाच वर जाऊ लागला. मुले ओरडून घसा बसवून घेत होती, तरी हात वरच. आम्ही समजलो, पण बोलणार कोण? ताई स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "चूक तुमची नव्हती, बाळांनो. माझे कान गेले. ज्याला ऐकू येत नाही त्याने हात वर करणं ही फसवणूक आहे. वर्ग बंद करूया."

जुई आता नोकरी करते, दिवसभर लोकांशी बोलते. पुढच्या रविवारी ती खोलीवर आली, ताईंना घरून घेऊनच. शेवटच्या रांगेत त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "ताई, तुम्ही बघा. ऐकायचं काम माझं."

वर्ग चालू आहे. हात जुई वर करते. मुलांचे हातपाय कुठे चुकतात ते ताई पाहतात, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

गौरव समारंभात जुई बोलणार आहे. उत्सवमूर्ती असूनही ताई शेवटच्या रांगेतच जाऊन बसतील, याबद्दल आम्हा कुणाच्याच मनात शंका नाही. बसा, ताई. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आणि दाराजवळची ती खुर्ची पुष्कळ वर्षे तुमचीच असो.

ऐकू आलं नाही? मग हात वर करा. आम्ही पुन्हा सांगू.