गाणं मी अर्ध्यावर थांबवलं

मित्रहो, आज मला स्वतःचीच लाज वाटतेय.

ज्या नाट्यगृहात आपल्या गावाच्या तीन पिढ्यांनी गाणं ऐकलं, तिथे आज मैफल होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. साखरखेर्ड्याची एक मुलगी तिथे पहिल्यांदाच गात होती. सगळे तल्लीन झाले होते.

तेवढ्यात पाहुणे पुढारी आले. मी माईकवरून तिला थांबवलं आणि सत्कार सुरू केला. भाषणं लांबली, तिचं गाणं राहूनच गेलं.

बाहेर तिचे वडील दिसले. मी म्हणालो, "काका, माफ करा. माझा नाइलाज होता."

"मले काऊन माफी मांगता? तिले मांगा ना. ते पाहा, गाडीत बसून रडून राह्यली."

गाडीपर्यंत जायची माझी हिंमत झाली नाही. गाडी निघून गेली.

आता तिला फोन करून काय बोलू? तुम्हीच सांगा.