शालूमावशीची गाडी सासरी गेली तेव्हा

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. दोन-तीन जणांना तर खाली कमेंटमध्ये पिडलंयसुद्धा. धंदाच तसा आहे माझा. अपघात झालेल्या गाड्या बघून विम्याचा रिपोर्ट देणारा सर्व्हेअर आहे मी, कुडाळला. गाडीवाला काय सांगतो ते ऐकायचं आणि टायरच्या खुणा काय सांगतात ते लिहायचं. त्यामुळे ‘कोणीतरी मागून ढकललं’ वगैरे मला सांगायचं नाही, असा माझा खाक्या होता.

होता.

माझी शालूमावशी मालवणहून आचऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत राहायची. वाडीचं नाव देत नाही, गाडीच्या कंपनीचंही नाही, कारण तसली गाडी अख्ख्या जिल्ह्यात एकच होती आणि लगेच ओळख पटेल. जुनी अमेरिकन गाडी. लांबलचक, दुधी रंगाची, मागे माशासारखे पंख असलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला. मावशीचे यजमान, आमचे बाबीकाका, मुंबईत एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेट कायमचे परदेशी गेले तेव्हा जाताना गाडी काकांना देऊन गेले. काकांनी ती गावी आणली आणि पोटच्या पोरीसारखी सांभाळली. मूलबाळ नव्हतं दोघांना. काका गाडीला ‘चेडू’ म्हणायचे. चेडू म्हणजे मालवणीत मुलगी. वाडीतली प्रत्येक नवरी त्याच गाडीतून सासरी गेली, आणि शिवेवर पोचली की काका हॉर्न द्यायचे. दोन सुरांचा, बैलाच्या हंबरण्यासारखा भरदार हॉर्न. एकदा ऐकला की विसरणं नाही.

काका गेले आणि मावशी एकटी पडली. बीपी, शुगर, सगळं आहे. मी म्हणायचो, कुडाळला चल. ती म्हणायची, “आणि चेडवाक कोणाच्या पदरात घालू?” शेवटी मी गाडीच विकायला काढली. फोटो मीच काढले, जाहिरात मीच टाकली. गाडी सुटली तरच मावशी सुटणार, हे उघड होतं.

गिऱ्हाईकं आली की मावशी स्थळ बघावं तशी चौकशी करायची. घरात कोण कोण? गाडी पावसात उभी करणार काय? एकाला तर तिने दारूच्या वासावरून परत पाठवला. अखेर कोल्हापूरचे माने साहेब बायकोला घेऊन आले. वहिनींनी गाडीच्या बॉनेटला आधी हळदकुंकू लावलं, मग आत बसल्या. मावशीने तिथेच होकार दिला.

नेण्याच्या दिवशी गाऱ्हाणं घालायला शेजारचे तातू गावकर आले. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, आधी देवाला गाऱ्हाणं. आजवर वाडीतल्या सगळ्या नवरीमुलींचं गाऱ्हाणं तातूंनीच घातलंय. नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सवयीने तेच सुरू झालं...

“बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातली लेक सासराक चल्ली आसा...”

“होय म्हाराजा!” जमलेले सगळे म्हणाले, आणि हसू दाबायला लागले.

“तिच्या वाटेर काय आडमेळा येत तर ता दूर कर, आणि पाचपरतावणाक तिका आवशीच्या दारात सुखरूप हाडून पोचव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

पाचपरतावण म्हणजे लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरी माहेरी येते ते. तातूंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी जीभ चावली. मी म्हटलं, “तातूनू, ट्रकवाल्याक रिटर्न भाडा पण सांगूया काय?” सगळे हसले. मावशी तेवढी हसली नाही. ती ओटीचं सामान घेऊन आली... नारळ, तांदूळ, हिरवा खण.

“रिकाम्या ओटीन चेडवाक कोण धाडता रे?” मला म्हणाली, “ठेव तिच्या सीटार.”

मी नुकतंच मागच्या दाराच्या बिजागरीला ग्रीस लावलं होतं. खण ठेवताना माझा काळा अंगठा त्याच्या कडेवर उमटला. मावशी ओरडली, “नवो खण रे माझो!” मी ओशाळून तो भाग आत दुमडला.

माने साहेबांनी गाडी हमरस्त्यापर्यंत चालवत नेली आणि तिथे ट्रकवर चढवली. वाटेत शिवेवर, मी सांगितलं होतं तसा, हॉर्न दिला. मावशी पदर तोंडाला लावून आत गेली.

मी तेव्हाच तिला कुडाळला नेणार होतो. ती म्हणाली, गाडीने खळं उखडून टाकलंय, अंगण असं सोडून कशी येऊ? खळं चोपून-सारवून, घर झाडून येते. मी मान्य केलं. आठवड्याचा तर प्रश्न.

पाचव्या दिवशी सकाळी तातूंचा फोन. “मावशी पडली आसा. आमी तिका मालवणाक हॉस्पिटलात घेवन चल्लंव. तू थंयच ये.”

मेंदूत गुठळी. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ तशीच पडून राहिली असती तर आशा नव्हती. मी बाहेर येऊन तातूंचे हात धरले आणि विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते माझ्याकडे बघेनात.

“हॉर्न आयकलंय मी,” ते म्हणाले. “बाबीचो हॉर्न. तो माका वळखूक येवचो नाय? माका वाटला, तुझो गिराईक गाडी परत घेवन इलो. म्हणान बघूक गेलंय. खळ्यात कोण नाय, गाडी नाय. आत मावशी पडलली. डोक्याखाली ह्या होता.”

आणि त्यांनी पिशवीतून हिरवा खण काढला.

मी तो उलगडला. कडेला काळा अंगठा होता. माझा.

मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो. मग उठून सरळ वाडीत गेलो, कारण मला खुणा बघायच्या होत्या. दुसरं येतं काय मला? मावशीने खळं नुकतंच सारवलं होतं, शेणाचा हात दिसत होता. त्यावर रुंद टायरचे चार पट्टे, गाडी वळत आल्यावर उमटतात तसे. तीन टायर एका नक्षीचे, मागचा उजवा वेगळ्या. त्या गाडीला जोडीचा टायर मिळत नाही म्हणून काकांनी दुसराच बसवला होता, जाहिरातीच्या फोटोत मी तो मुद्दाम दाखवला होता. पट्टे खळ्याच्या मधोमध सुरू होत होते आणि मावशीच्या दाराशी थांबत होते. पलीकडे वाटेवर काही नाही. परत जातानाचेही नाहीत. असला रिपोर्ट दुसऱ्या कोणी आणला असता तर मी फाडून टाकला असता.

तिथूनच माने साहेबांना फोन लावला. म्हटलं, गाडी कुठाय?

“कुठं म्हणजे? गॅरेजमध्ये की. आल्या दिवशी धुतली, बॅटरी काढून चार्जिंगला लावलीय, तेव्हापासून कुलूपच आहे.”

“जरा उघडून बघता?”

कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग गाडीचं दार उघडल्याचा.

“अहो...” त्यांचा आवाजच बदलला होता. “नारळ आहे, तांदूळ आहेत. खण नाही. आणि टायरला शेणमाती लागलीय हो. ओली आहे.”

मावशी शुद्धीवर आली. तोंड वाकडं, शब्द अडखळत. पहिलं वाक्य काय असावं?

“चेडू जेवलां काय रे?”

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिथे नर्स उभी होती, तरी.

माने साहेब घाबरले होते. गाडी परत घ्या म्हणाले. मी मावशीला सांगितलं तर ती रागावली. “दिलेली लेक कोण परत घेता? तिचो खण हय रवलो. तिची ओटी भरून ये आधी.”

आता मावशी आमच्याकडे असते. काठी घेऊन चालते. कोण येऊन गेलं, खण डोक्याखाली कोणी ठेवला, मला माहीत नाही. मी सगळं तपासलंय. मावशीकडे दुसरा तसला खण असेल म्हणावं तर अंगठा माझा. कोणी थट्टा केली म्हणावं तर ते पट्टे आभाळातून उतरवले काय? ज्यांना मी पिडलं त्यांची माफी मागतो.

मी कोल्हापूरला गेलो. नवा खण, नारळ, तांदूळ मागच्या सीटवर ठेवले. माने साहेब आणि वहिनी दाराशी उभे होते. बॅटरी अजून बाहेरच होती, मी आधी तेच बघितलं. दार लावलं, आणि मग हात काढवेना. थंड पत्रा होता नुसता.

“मावशी बरी आसा गो,” मी म्हणालो. “तू काळजी करू नको.”

मोठ्याने म्हणालो, त्या दोघांसमोर. लाज वाटली नाही.