गाठ आणि गोड बातमी

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेल्याची बातमी धामणगाव बढ्यात पसरली, तेव्हा आम्ही मुलीसाठी स्थळं पाहत होतो. दिवस गेले नव्हते. माझ्या लिव्हरमध्ये गाठ सापडली होती.

पित्ताचा त्रास म्हणून मलकापूरला सोनोग्राफी केली, तर डॉक्टरांना भलतंच दिसलं. गाठ साधी की वाईट हे या मशीनवर कळत नाही, अकोल्याला जाऊन वेगळी सोनोग्राफी करा, असं त्यांनी बजावलं. तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. माझी मोठी जाऊ गाठीनंच गेलेली. सासूबाईंसमोर तो शब्द काढायची माझी छाती होईना. घरात कोणाला सांगायचं नाही, अशी मी ह्यांना शपथ घातली. आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी घातली.

आमच्याकडे बाई सोनोग्राफीला गेली म्हणजे त्याचा एकच अर्थ. दुसऱ्याच दिवशी शेजारीण पदराखाली कवठं घेऊन हजर. "लाजून काऊन राह्यली माय? देवानं देल्लं तं घ्या लागते," म्हणाली. मी तिला झापणार, तोच सासूबाई मध्ये पडल्या आणि कवठं ठेवून घेतली. त्या दिवसापासून त्यांनी मला पाण्याची घागर उचलू दिली नाही. मी भीतीनं अर्धी झाले होते आणि लोक मला आंबट चारत होते. सगळ्यांचा असा राग यायचा, पण खरं सांगायची सोय नव्हती. कृषी केंद्रात कोणीतरी ह्यांच्याकडे पेढे मागितले, तर ह्या माणसानं ते खुशाल वाटले. जाब विचारला तर म्हणतात कसे, "नाही म्हटलं असतं तं मंग सोनोग्राफी कायची, हे सांगा लागलं असतं."

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हाताच्या शिरेतून अगदी बारीक बुडबुडे सोडणार, ते रक्तासोबत गाठीत शिरून पडद्यावर चमकणार, आणि गाठ कशी भरते त्यावरून ती कोणती ते कळणार, असं त्यांनी समजावलं. बुडबुडे ऐकताच हे उभेच राहिले. सलाईनच्या नळीत बुडबुडा दिसला तर दवाखाना डोक्यावर घेणारा हा माणूस. "मॅडम, आम्ही गाठ पाहाले आलो, बाईत हवा भराले नाही," म्हणाले. डॉक्टर हसल्या. हे बुडबुडे औषधाचे असतात, थोड्या वेळात श्वासावाटे निघून जातात, असं सांगितल्यावर हे बसले, पण नजर माझ्या नाकावर ठेवून.

समोरच्या भिंतीवर गर्भलिंग तपासणी केली जात नसल्याची पाटी होती. ती वाचून मला हसू येत होतं आणि रडूही. औषध सोडलं. गाठ आधी मधोमध उजळली आणि उजेड बाहेर पसरत गेला, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा. एवढं चमकतंय म्हणजे नक्कीच वाईट, असं मी मनाशी धरून टाकलं. डॉक्टर पडद्याकडे बघत थांबल्या. मी मुलीच्या लग्नात कोण कोण काय सांभाळेल, याची वाटणी करायला लागले.

"वाईट गाठ एव्हाना काळी पडली असती," त्या शेवटी म्हणाल्या. "ही पडली नाही. क्वचित सापडते, पण साधी आहे. काढायचीही गरज नाही."

"म्हणजे राहू द्याची?" ह्यांनी विचारलं. राहू द्या, अधूनमधून तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या. हे तिथंच डोळे पुसायला लागले आणि मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

घरी आलो तेव्हा सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, दिवसबिवस काही नाहीत. लिव्हरमध्ये गाठ होती. साधी निघाली."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आधी हात जोडले. मग म्हणाल्या, "गाठ मले त्याच दिवशी मालूम झाली. तुया नवऱ्यानं सांगतलं. अन् बाया इचारू लागल्या, तं दिवस गेले म्हणून म्याच सांगतलं."

"तुम्ही? पण का?"

"मोठीच्या वेळेस म्या खरं सांगतलं होतं. बाया रोज येऊन तिच्या खाटेपाशी रडून गेल्या. ती जित्ती होती माय, समदं आयकत होती. तुयापाशी कोणाले रडू द्याचं नव्हतं मले."